दोन्ही बाजूंनी चकचकीत

नात उभी राहिली, तिने सोफ्याचा आधार सोडला, एक पाय उचलला आणि तिथेच अडकली.

"टाक की," हिराताई टीव्हीला म्हणाल्या. त्या दिवशी घरात बोललं गेलेलं ते पहिलंच वाक्य होतं.

त्यांनी सीडी काढली, पुसली, परत घातली. पाय हवेतच राहिला.

मुलगा अभय अमेरिकेला गेला, नात तिकडेच झाली. हिराताईंनी तिला अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आज रविवार. थोड्या वेळाने अभयचा फोन येणार आणि तो आधी त्याने पाठवलेल्या सीडीचंच विचारणार.

हिराताईंनी सगळी नोकरी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये केली होती. सीडी खिडकीशी तिरकी धरताच त्यांना ओरखडा दिसला. तो पारदर्शक थरावर होता, म्हणजे आतलं चित्र शाबूत होतं. थर घासून सपाट केला की काम झालं. त्यांनी बोटावर टूथपेस्ट घेतली आणि मधून कडेकडे सरळ घासलं. नातीचा पाय जमिनीला टेकला. इथेच थांबायला हवं होतं. पण दुसरं पाऊल अजून बाकी होतं.

कर्वेनगरच्या चौकातलं हार्डवेअरचं दुकान नुकतंच उघडलं होतं.

"सगळ्यात बारीक पॉलिश पेपर द्या. पाण्यात चालणारा."

"गाडीला हवाय?"

"नातीला."

दुकानदाराने कागद गुंडाळून दिला.

ओल्या कागदाने सीडी आधी दुधासारखी पांढरी झाली. पितळेचं पॉलिश लावून त्या तिला पुन्हा काचेसारखी करत होत्या, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले नागोराव आले. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून ते शेजाऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करत. शेजारी ते आल्यावर वस्तू आत ठेवत.

"जयभीम, हिराताई. चहाचा वास आला नाही, म्हणून पाहायला आलो."

"जयभीम. बसा, टाकते. त्याला हात लावू नका."

चहा घेऊन त्या बाहेर आल्या, तर नागोरावांच्या मांडीवर चंदेरी भुगा पडला होता.

"तुम्ही एकच बाजू घासली होतीत. दुसरीवर कुणीतरी पेनाने खरडलं होतं. काढून टाकलं." त्यांनी सीडी खिडकीसमोर धरली. तिच्यातून पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. "बघा, आरपार."

"नागोराव, चित्र त्या बाजूच्या चंदेरी थरातच होतं."

"मग तुम्ही ह्या बाजूने काय घासत होता?"

उत्तर देण्याआधी फोन वाजला.

"आई, सीडी पाहिलीस?"

"पाहिली. अभय, तिची दुसरी कॉपी..."

"जपून ठेव हं. इथला कॉम्प्युटर क्रॅश झाला, सगळं गेलं. तेवढी एकच कॉपी उरलीय." तो थांबला. "मी पाहिलंच नाही गं. ती चालली तेव्हा मी ऑफिसात होतो. नंतर बघू, बघू म्हणत राहिलो. कुरियरने पाठवतेस?"

हिराताईंनी चकतीतून टाकीकडे पाहिलं.

"कुरियरमध्ये ओरखडे पडतात," त्या म्हणाल्या.

तिकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मग डिसेंबरमध्ये आम्हीच येऊ का? तिघंही. तुझ्याकडेच बसून बघू."

"या."

फोन ठेवला तेव्हा नागोरावांनी कप बाजूला केला होता.

"अहो, खरं काय ते सांगायला नको का त्याला?"

"सांगणार आहे ना," हिराताई म्हणाल्या. "आधी तिकिटं काढू देत."