न चाखलेल्या तिखल्याचा पहिला नंबर

गावच्या महिला मंडळाच्या कालवण स्पर्धेत सुगंधाबाई दरवर्षी दुसऱ्या यायच्या आणि त्याला कारण त्यांचे यजमान भिकाजीच होते. मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून ते गावी आले तेव्हापासून स्पर्धेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. अध्यक्षाच्या बायकोला पहिलं बक्षीस मिळालं तर बंदरावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही, या धास्तीने ते बेरीज करताना बायकोचा एखादा गुण हळूच गिळायचे. घरातही त्यांनी तिच्या रांधण्याला कधी बरं म्हटलं नव्हतं. सुगंधाबाईंच्या बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे तिखट कालवणाचा, वास सुटला की शेजारीपाजारी कुंपणापाशी घुटमळायचे, पण ज्याने बोलायचं तो मान खाली घालून जेवायचा आणि हात धुवायला उठायचा.

दोन हजार तीन साली मात्र स्पर्धेच्या सकाळीच सुगंधाबाईंनी बजावलं, "ह्या वर्षी तुमी आकड्यांक हात लावूचो नाय. काय ता किरणाचो कॉम्प्युटर ठरवू दे. माझो नंबर शेवटी लागलो तरी चलात, पण खरो लागू दे."

किरण हा भिकाजींचा पुतण्या. सावंतवाडीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. परीक्षकांचे गुण घातले की सरासरी काढून मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावणारा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. सरासरीचा आग्रह भिकाजींचा. तीन परीक्षकांपैकी निवृत्त हेडमास्तरांना सुंगटं म्हणजे कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठायचं, खानावळवाले शेठ मोरी माशाला शिवत नसत आणि ओरोसच्या जिल्हा कचेरीतून आलेल्या साहेबांना तिसऱ्यांच्या शिंपल्या नुसत्या बघूनही मळमळायचं. तेव्हा जितक्यांनी चाखलं तितक्यांनीच भागायचं, हा न्याय. शिवाय भिकाजींनी आणखी एक हुकूम सोडला होता. निकालाच्या कागदावर नुसती नावं छापायची, गुण नाहीत. गेल्या वर्षी अर्ध्या गुणावरून दोन जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव गच्च भरला. वर्गातून प्रिंटरची किरकिर ऐकू आली, किरणने घडी घातलेला कागद आणून दिला आणि भिकाजी निर्धास्त मनाने माइकपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा आपला हात न लागता निकाल लागला होता. त्यांनी घडी उलगडली.

"पहिला क्रमांक, राधाबाई."

टाळ्या वाजल्या नाहीत. राधाबाई सकाळपासून कोणाच्या दृष्टीला पडल्या नव्हत्या. भिकाजींनाही ते जाणवलं, पण हातात कागद आणि समोर गाव. ते पुढे वाचत गेले. दुसरा क्रमांक काशीबाई. तिसरा क्रमांक नर्मदा.

मांडवाला धक्का बसला तो इथे. काशीबाईंचं कालवण एवढं खारट झालं होतं की परीक्षकांनी एका घासावर तांब्याभर पाणी प्यायलं होतं. आणि नर्मदेचा टोप तर शाळेच्या वळणावर रिक्षातच लवंडला होता. त्याची चव फक्त त्या वळणावरच्या कावळ्यांना ठाऊक होती. नर्मदा आ वासून बसली. काशीबाई मात्र उभ्या राहिल्या, कारण बाई मनाने साफ.

"माझाच नाव वाचलास मां? परत एकदा बघा, भिकाजीनू. घरात माझा कालवण मांजर खायना नाय."

भिकाजींनी परत बघितलं. नाव तेच होतं. सुगंधाबाईंचं नाव चौथं होतं. त्या पहिल्या ओळीत ताठ बसल्या होत्या, त्याही आता उठल्या. "राधाबाय खंय आसा? तिचो टोप कोणी बघलो?"

प्रश्न सरळ होता. राधाबाईंच्या नावापुढे तिन्ही परीक्षकांनी न चाखल्याची रेघ मारली होती. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्या दोघांनी चाखलं असणार, आपणच तेवढे गप्पांत राहिलो. मग सगळ्यात आधी हेडमास्तर सावरले. त्यांनी माइक ओढला आणि शाळेतल्या शुद्ध मराठीत सांगितलं की, राधाबाईंच्या कालवणात एक संयम होता. हेडमास्तरांनी चाखलं म्हणजे टोप आला होता, हे खानावळवाल्या शेठनी ताडलं आणि तिरफळं अगदी मोजकी पडली होती, असा दाखला दिला. साहेब तर सरकारी माणूस. खालच्या दोघांनी सही केल्यावर वरच्याने करायचीच असते. ओरोसला परत गेल्यावरही ही चव जिभेवर राहील, असं ते म्हणाले.

लोक चाट पडले. मागून कोणीतरी तेवढ्यात विचारलं, "आणि अध्यक्षांनी चाखला काय?"

भिकाजींनी काहीही चाखलं नव्हतं. अध्यक्षाने चमचा हातात धरायचा नाही, हा नियम त्यांचाच. खरं सांगावं, निकालात घोटाळा दिसतो म्हणावं, असं त्यांच्या ओठांवर आलंही. पण चौथी त्यांची बायको. घोटाळा म्हटलं की लोक म्हणणार, बायकोसाठी अध्यक्ष उलटला. समोर सुगंधाबाई उभ्याच होत्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. घाबरलेल्या माणसाचं होतं तेच भिकाजींचं झालं. जीभ पुढे धावली आणि डोकं मागे राहिलं.

"चाखलंय तर. असा तिखला मिया माझ्या जल्मात खावक नाय."

माइक चांगला होता. कर्ण्यांतून ते वाक्य पार बंदरावर पोचलं. सुगंधाबाई खाली बसल्या.

तेवढ्यात किरणने त्यांना बाहीला धरून वर्गात ओढलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळ्या बायकांच्या नावांपुढे आकडे होते. राधाबाई आणि नर्मदा यांच्यापुढे मात्र आकड्याच्या जागी कसलीशी रोमन अक्षरं उमटली होती.

"काका, ह्या दोघींचा कोणी चाखूकच नाय. शून्य गुण, शून्य परीक्षक. शून्याक शून्यान भागला, तेचा उत्तर आकडोच नाय."

"मगे त्ये शेवटी जावक नको?"

"जाणत नाय. मागचो आकडो हेच्यापेक्षा मोठो काय, असा इचारला तर मशीन म्हणता नाय. लहान काय? तरी नाय. म्हणान त्ये जाग्यावरसून हलणत नाय, आणि मागच्या कोणाक म्होरं सोडणत नाय."

भिकाजींना ते लगेच पटलं. रेशनच्या रांगेत नुसती पिशवी ठेवून घरी जाणारी माणसं त्यांनी पाहिली होती. पिशवी पुढे सरकत नाही, आणि तिला ओलांडून कोणी गेलं तर भांडण. नोंदणीत राधाबाईंचं नाव पहिलं, म्हणून त्या पहिल्या राहिल्या. तिसऱ्या जागी नर्मदा अडून बसली आणि या दोन पिशव्यांच्या मधे सापडलेल्या काशीबाईंना दुसरा नंबर लागला. खरी रांग लागली ती नर्मदेच्या पाठीमागे, आणि तिथे सुगंधाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. अध्यक्षांच्या बायकोने पुढे पुढे करू नये म्हणून त्यांनी नाव उशिरा दिलं होतं.

किरणने दोन ओळी बदलल्या. ज्यांचा आकडाच नाही त्यांना आधी बाहेर काढून रांगेच्या शेवटी बसवायचं आणि मग उरलेल्यांना उंचीप्रमाणे उभं करायचं. प्रिंटर पुन्हा किरकिरला. पहिलं नाव सुगंधाबाईंचं होतं. काशीबाई खऱ्या आकड्यांत शेवटच्या होत्या आणि ते बघून भिकाजींना जरा बरं वाटलं, निदान जगात काहीतरी ठिकाणावर होतं.

पण हा कागद वाचायचा कसा? परीक्षकांना वर्गात बोलावून दाखवला तर तिघांचेही चेहरे उतरले. साहेब हळूच म्हणाले, "भिकाजीराव, झालं ते झालं. एकदा जाहीर झालेला निकाल बदलणं बरं दिसत नाही." हेडमास्तरांनी मान डोलावली. शेठना अचानक खानावळीची आठवण झाली.

हे चाललं असतानाच फाटकापाशी वेंगुर्ल्याची एसटी थांबली आणि हातात पिशवी घेऊन राधाबाई उतरल्या. सगळा मांडव मागे वळला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बघता बघता कडकडाट झाला. राधाबाई घाबरून फाटकातच उभ्या राहिल्या.

"कसली टाळी गो? सासरी माझ्या चेडवाक बरा नाय म्हणान काल रात्रीच वेंगुर्ल्याक गेल्लंय. आज माझी चूल पेटाक नाय."

टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावर गेल्या, तिथे तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. साहेबांची जीप मागच्या दाराने निघाली होती आणि पुढच्या सीटवर हेडमास्तर दिसले, असं नंतर लोक सांगत होते. भिकाजींना पळायला जागा नव्हती. त्यांनी नवा कागद वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण हसले, आणि सुगंधाबाईंनी बक्षिसाच्या कुकरचं खोकं घेतलं ते नवऱ्याकडे न बघता.

संध्याकाळभर घरात भांडीसुद्धा वाजली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी भिकाजी जेवायला बसले. चुलीवर झाकलेल्या टोपातून तिखल्याचा वास घरभर पसरला होता. सुगंधाबाईंनी ताटात गरम भाताचा डोंगर वाढला आणि शेजारी एक वाटी ठेवली. वाटी रिकामी होती. भिकाजींनी मासळीसाठी ती पुढे सरकवली.

"नुस्त्याचा काय?"

"वाढलंय मगे," सुगंधाबाई म्हणाल्या. "राधाबायचा तिखला. तुमच्या जल्मात तसा खावक नाय मां? खावा पोटभर."

भिकाजींनी वाटीत बघितलं, बायकोकडे बघितलं. चुकलं, असं त्यांना म्हणता येईना. इतक्या वर्षांची सवय. शेवटी त्यांनी वाटी उचलली, भातावर पालथी केली, भात नीट कालवला आणि घास घेतला. तो कोरडा घास त्यांनी सावकाश चावला.

"कसा झाला हा?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"बरा झाला हा," भिकाजी खाली बघून म्हणाले. "पण तुझ्या तिखल्याची सर हेका येवची नाय. कोणाच्याच तिखल्याक येवची नाय."

सुगंधाबाईंचा हात टोपाच्या झाकणाशी गेला. क्षणभर भिकाजींना वाटलं, झालं, मिटलं. पण तो हात तिथेच थांबला.

"ह्या चुलीक कशाक सांगतास? काल ज्यांच्यासमोर बोललास, त्यांका सांगा. माइकवाल्यान शाळेतसून कर्णे अजून काढूक नायत. तुमी जावन येवा, मगे वाढतंय."

भिकाजींनी एकदा टोपाकडे बघितलं, भाताकडे बघितलं. मग ते ताटावरून उठले, हात धुतला आणि खुंटीवरचा सदरा काढला.