मावशीला जवळ आणणारं चाक

माणसाची योग्यता तो जमिनीपासून किती वर बसतो यावरून ठरते, हे सत्य फार जुनं आहे. राजे हत्तीवर बसत, न्यायाधीश उंच खुर्चीवर बसतात आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दंतवैद्य सतरा इंचांवर बसतात. (सतरा इंच हे त्यांच्या गाडीच्या रिंगचं माप. दंतवैद्य स्वतः चणीने लहान आहेत, पण गाडीत बसल्यावर ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गाडी घ्यायची ती त्यासाठीच.)

मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्के मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे मीटर, काटा आणि फूटपट्टी जे सांगतील ते मी खरं मानतो आणि बाकीच्याला मत म्हणतो. पुढची हकीकत एका अधिकृत माणसाने सांगितलेली आहे, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

गाडीच्या चाकाचं योग्य माप कोणतं, हा प्रश्न आमच्या इमारतीत पूर्वी कुणाला पडत नसे. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपनीने एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर ते छापलेलं असतं. हे माप ठरवायला कंपनीचे इंजिनिअर म्हणे वर्षानुवर्षं खड्ड्यांतून गाड्या पळवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यापैकी एकानेही आमचे दंतवैद्य पाहिलेले नाहीत, तेव्हा त्या अभ्यासाला कितपत अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा.

टायरच्या अंगावरचा आकडाही वाचण्यासारखा असतो. त्यातली रुंदी मिलिमीटरमध्ये असते, जाडी टक्क्यांत असते आणि रिंगचा व्यास इंचांत. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या तीन भावांनी मिळून दारावर पाटी लावावी, तसा तो प्रकार आहे. खात्यातल्या माणसाला हे बघवत नाही, म्हणून मी त्यातले फक्त इंच लक्षात ठेवले. इमारतीतही इंचच चालतात. तेरा इंच म्हणजे नोकरी लागली. चौदा म्हणजे नोकरी टिकली. पंधरा म्हणजे लग्न झालं. सोळा म्हणजे लग्नही टिकलं. सतरा म्हणजे स्वतःचा दवाखाना, आणि अठराच्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आमची गाडी चौदाची होती. (लग्न झालेलं होतं, टिकलेलंही होतं. गाडी तेवढी मागे राहिली होती.) ती घेतली होती मुख्यतः आईसाठी. दर रविवारी आईला मावशीकडे न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं, एवढंच तिला काम. मावशीला आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आई तिला एक जाडजूड रहस्यकथा वाचून दाखवत असे. एका बंगल्यात खून झालेला आहे आणि सात जणांवर संशय आहे. दर रविवारी एक प्रकरण वाचायचं, दोघींनी भांडायचं आणि पुस्तक मिटायचं. पुढचं पान आईने एकटीने बघायचं नाही, आणि आईखेरीज दुसऱ्या कुणी वाचलेलं मावशी ऐकून घेणार नाही, असा करार होता. दोघींचं मिळून वय पाहता हा करार जरा धाडसाचाच होता, पण दोघींना त्याची घाई नव्हती. पाच जण सुटले होते. माळी आणि धाकटी सून एवढे दोघे उरले होते.

अशात एकदा दंतवैद्य तळघरातल्या पार्किंगमध्ये भेटले. आमच्या गाडीकडे पाहून म्हणाले, "छान आहे हो तुमची गाडी. छोटी छोटी चाकं. गोड दिसते."

पन्नाशीच्या माणसाच्या गाडीला गोड म्हणणं हा कोणत्या कलमाखाली गुन्हा ठरतो, ते मला सापडलं नाही. मी त्याच संध्याकाळी टायरवाल्याकडे गेलो.

टायरवाला म्हणाला, "साहेब, रिंग मोठी घ्यायची तर टायर पातळ घ्या. चाक बाहेरून होतं तेवढंच राहतं. मीटर चुकत नाही, गाडी घासत नाही."

"तेवढंच राहणार असेल तर मी पैसे कशाचे देऊ?"

"तेही खरंच," टायरवाला म्हणाला. तो गिऱ्हाइकाला एकदाच विरोध करतो. मग आम्ही मोठ्या रिंगवर जाडजूड टायर चढवले आणि मी दंतवैद्यांच्या खिडकीखालून दोनदा हॉर्न वाजवत घरी आलो.

त्या रविवारी एक चमत्कार झाला. मावशीचं घर आमच्यापासून अठरा किलोमीटर आहे. त्या दिवशी मीटरवर सतराच पडले. टायरवाल्याचं म्हणणं असं की, चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, आणि मीटर बिचारं फेरेच मोजतं. हे त्याचं मत झालं. मीटर सांगत होतं की मावशी एक किलोमीटर जवळ आली आहे.

मी ही बातमी आईला दिली. आई अजून गाडीतून उतरत होती. म्हणजे तिचा एक पाय उतरला होता आणि दुसऱ्याला जमीन सापडत नव्हती.

"जवळ आली का? बरं झालं," आई म्हणाली. "आता मला खाली घे."

आईचे गुडघे कामातून गेलेले आहेत. पूर्वी ती गाडीकडे पाठ करायची, हळूच सीटवर टेकायची आणि मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायची. आता पाठ केली की सीट कंबरेच्या वर येई. आम्ही एक स्टूल घेतलं. प्रश्न सुटला.

मग दंतवैद्यांनी अठरा टाकले. खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी, ज्यांची गाडी फक्त भाजी आणायला निघते, त्यांनीही अठराच टाकले. मला इलाज उरला नाही. आता वळताना चाक आतल्या बाजूला कर्रकर्र घासू लागलं, म्हणून टायरवाल्याने स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी वर उचलली. त्यामुळे घासणं कमी झालं. पूर्ण वळण तेवढं बंद झालं, पण आयुष्यात मागे वळायची वेळ किती वेळा येते? आम्ही सरळ जाऊन पुढच्या चौकाला वळसा घालू लागलो. आणि वळसा घालूनही मावशी सोळा किलोमीटरवर आली.

स्टुलाची जागा आता घडीच्या शिडीने घेतली होती. बायको खालून आधार देई, मी वरून हात धरी.

"मला काय माळ्यावर ठेवताय?" आई शिडीवरून म्हणाली.

आत बसल्यावर ती बराच वेळ धापा टाकत होती. उतरताना तिचा चष्मा पडला. त्या दिवशी वाचनही धड झालं नाही. माळ्याच्या खोलीत रक्ताचा रुमाल सापडतो तिथपर्यंत आल्या, आणि आईला दम लागला.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे खाली जायला निघालो. आई खुर्चीतून उठलीच नाही. मांडीवरचं पुस्तक नीट करत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येईन मागून."

मागून ती कशाने येणार, हे मी विचारलं नाही. आम्ही पुढे झालो. मावशीने दारातच विचारलं, "ती कुठाय?" मी सांगितलं, येतेय मागून. मावशी संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून बसली. (तिला दिसत नाही, तेव्हा तोंड कुठे आहे याने फरक पडायचं कारण नाही. तरी ती बसली.) मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं मोजायचं साधन खात्याकडे नाही, म्हणून त्याची नोंद झालेली नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, जुनी चाकं माळ्यावर तशीच पडलीयेत. ती लावली तर आई बसतील ना गाडीत."

बायकोला हिशेब येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी तिला कागदावर मांडून दाखवलं. चाक वाढलं, मावशी अठरावरून सतरावर आली. आणखी वाढलं, सोळावर आली. याच गतीने चाक वाढवत नेलं तर एक दिवस असा येईल की मावशी आमच्या दारात असेल आणि आईला कुठे जावंच लागणार नाही. आणि हिला चाक लहान करून मावशीला पुन्हा लांब ढकलायचं होतं. सख्ख्या बहिणींची अशी ताटातूट करणारा मी कोण?

बायकोने कागद पाहिला आणि त्यावर गरम पातेलं ठेवलं.

त्यानंतरचे काही रविवार असेच गेले. मावशी फोनवर विचारी, "वाचलंस का गं पुढे?" आई म्हणे, "छे, करार आहे ना." मग दोघी माळ्यावरून भांडत. आईचं मत होतं की रुमाल मुद्दाम तिथे ठेवलाय. मावशी म्हणे, माळीच. एकदा मावशी म्हणाली, "लवकर ये बाई. मला खुनी कळल्याशिवाय जायचं नाहीये." आईने फोन ठेवला आणि पुस्तक पिशवीत भरलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा आई नव्हती. बायको म्हणाली, बेकरीवाल्याबरोबर गेल्या.

आमच्या इमारतीच्या खाली एक बेकरी आहे. तिचा मालक पाव पोचवायला टेंपो घेऊन मावशीच्या भागात जातो. हा टेंपो म्हणजे वाहन या शब्दाचा अपमान आहे. चाकं भंगारातल्या दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची, असायला हवीत त्याहून लहान. आतली फळी इतकी खाली की रस्त्यावरचं मांजर आत वाकून बघतं. बेकरीवाला म्हणाला होता, "आजी, पाठ करून बसा, मी पाय आत घेतो." आणि आई पाठ करून बसली, पिशवीत पुस्तक आणि चष्मा घेऊन, पावांच्या ट्रेंमध्ये.

बेकरीवाला परतल्यावर मी तातडीने खाली गेलो आणि मीटर विचारलं. त्याच्या मीटरवर नुसतं जायचे वीस किलोमीटर पडले होते. मी लगेच आईला फोन लावला.

"आई, फसलीस. सोळावर मावशी होती, तू वीस किलोमीटर गेलीस."

"लांबून आले खरी," आई म्हणाली, "पण पोचले."

संध्याकाळी बेकरीवाला आईला आणायला पुन्हा गेला आणि रिकामा परतला. आईने निरोप दिला होता की ती आता तिथेच राहणार आहे. मावशीने कपाटातला एक खण रिकामा करून दिला आहे.

याच सुमारास दंतवैद्यांनी वीस इंच आणले. मी बावीस सांगितले. टायरवाला घरपोच सेवा देतो, त्यामुळे बसवणं तळघरातच झालं. दंतवैद्यांनी ते पाहून चोवीस सांगितले, विमावाल्यांनी कर्ज काढलं आणि एका आठवड्यात सगळी इमारत वर गेली. ते दृश्य फार देखणं होतं. आम्ही सगळे शिड्या लावून आपापल्या गाडीत चढलो, एकमेकांना नमस्कार केला आणि रांगेने बाहेर निघालो. पहिली गाडी दंतवैद्यांची. ती चढावावरच्या सिमेंटच्या तुळईखाली गेली आणि तिथे थांबली.

तळघरातून बाहेर पडायला कमाल उंची किती, हे त्या तुळईवर लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याने दंतवैद्यांना पाहिलेलं नव्हतं.

त्या रात्री आम्हा गाडीवाल्यांची एक उपसमिती बसली. तुळई फोडावी असा एक विचार पुढे आला, पण तिच्यावर इमारत उभी आहे. विमावाल्यांच्या बायकोने सुचवलं की सगळ्यांनी चाकांतली हवा जरा कमी करावी, गाड्या आपोआप खाली येतील. सूचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. पण पहिल्यांदा कुणी कमी करायची? शेवटी असं ठरलं की सर्वांनी आपापल्या चाकापाशी बसावं आणि शिट्टी वाजताच एकदम हवा सोडावी. आम्ही बसलो. शिट्टी वाजली. तळघरात इतकी शांतता होती की विमावाल्यांचं घड्याळ ऐकू येत होतं. प्रत्येक जण शेजारच्याचा फुस्स ऐकायला कान देऊन होता. थोड्या वेळाने आम्ही उठलो, गुडघे झटकले आणि एकमेकांना शुभरात्री म्हणालो.

तेव्हापासून गाड्या तिथेच आहेत आणि इमारत चालत जाते. सकाळी दंतवैद्य आणि मी बसस्टॉपवर शेजारी उभे राहतो.

काल आईचा फोन आला. पुस्तक संपलं म्हणाली. मी विचारलं, "मग कोण निघालं? माळी की सून?"

"फोनवर नाही सांगायचं, मावशीने शपथ घातलीय. तू ये, मग सांगते."

"येतो की," मी म्हणालो.

आज रविवार. शिडी लावून मी गाडीत जाऊन बसलो आहे आणि इथूनच हे लिहितो आहे. समोर मीटर आहे. बावीस इंच बसवल्यापासून त्यावर एक आकडा हललेला नाही. अठरा, सतरा, सोळा आणि आता शून्य. माझा हिशेब चुकला नव्हता. अधिकृत मोजमापाप्रमाणे माझ्यात आणि आईत आज काहीही अंतर नाही, आणि तरीही ती हाकेला ओ का देत नाही, हे माझ्या कार्यक्षेत्राबाहेरचं आहे.

तुम्ही हसला असाल तर हरकत नाही. तुमच्या गाडीच्या चाकाचं माप योग्य आहे की नाही, हे बघायची खात्रीची रीत तेवढी सांगतो, तिला टायरवाला लागत नाही. या रविवारी बाहेर जाताना गाडीचं मागचं दार उघडा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसायला बोलवा. ते लगेच उठले तर तुमचं चाक अजून लहान आहे, काळजी घ्या. पण खुर्चीतूनच "तुम्ही व्हा पुढे" म्हणाले, आणि तुम्ही झालात, तर माप अगदी बरोबर बसलेलं आहे. आमच्या उपसमितीतर्फे तुमचं अभिनंदन.