एक टब, एक्केचाळीस चष्मे

आजोबा तेवीस. आजी अठरा. त्यांचे चष्मे एक्केचाळीस. आमच्या शाळेच्या सेवा क्लबची मुलं नऊ, पंचे सहा, कोमट पाण्याचा टब एक, तक्रारवही एक. वहीतल्या तक्रारी शून्य.

दुपारी तीन वाजता ज्येष्ठांच्या वाचनालयात एवढा ऐवज हजर होता. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी तो दोनदा मोजला होता. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाचं एकदा मोजून पोट भरत नाही.

कार्यक्रम होता ‘मोफत चष्माधुलाई’. कल्पना माझी, आणि खरं सांगते, निर्दोष! एकेक चष्मा धुवायला चार मिनिटं, म्हणजे एक्केचाळीसांना दोन तास चव्वेचाळीस मिनिटं. तेच सगळे एकदम टबात घातले तर बावीस मिनिटं! कोणाचा कोणता हे कळावं म्हणून प्रत्येक काडीवर मी स्वतः मार्करने क्रमांक घातला होता. यात चूक होऊ शकेल अशी जागाच शिल्लक नव्हती.

चूक होऊन चालणारही नव्हतं. मागच्या महिन्यात आमच्या क्लबने बागेतली बाकं रंगवली होती. रंग उत्तम होता. वाळला नव्हता, एवढंच. अकरा माणसं पाठीवर हिरवे पट्टे घेऊन घरी गेली. तेव्हा हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, “बाई, ही शेवटची संधी. मी साडेपाचला येऊन वही बघणार. त्यात एक जरी तक्रार दिसली, तरी क्लब बंद. त्या तासाला मुलं कवायत करतील.”

‘कवायत’ ऐकल्यावर नऊ चेहरे असे उतरले की जणू निकालच लागला! क्लबची सेक्रेटरी, दहावीतली, जिची जीभ वेणीपेक्षा लांब आहे, तिने लगेच विचारलं, “बाई, कवायत उन्हात असते का?”

तर तीन वाजता आजी-आजोबा चष्मे हातात घट्ट धरून बसले होते. देईनात!

“आधी तुमचा घाला,” एक शिंपीआजोबा म्हणाले. पन्नास वर्षं कापड कापलेला माणूस. आधी माप घेणार, मग कात्री चालवणार.

मी माझा काळा, जाड फ्रेमचा चष्मा टबात सोडला. मग सगळ्यांनी सोडले. साबण घातला, फेस आला, मुलं हात घालून हलक्या हाताने खळबळू लागली. बावीस मिनिटांनी सेक्रेटरीने पहिला चष्मा बाहेर काढला.

“बाई, हा कितवा?”

“काडीवर बघ.”

“काडी स्वच्छ आहे.”

“दुसरा?”

“तोही स्वच्छ आहे, बाई. सगळेच फार स्वच्छ झालेत!”

फळ्यावर लिहायचा मार्कर! पुसली जावी म्हणूनच बनवलेली शाई! ती मी साबणाच्या पाण्यात बुडवली होती. विद्यापीठाने माझी पदवी परत मागितली असती, तर मी टपालखर्चासह पाठवली असती.

“घाबरायचं नाही,” मी म्हणाले. “ज्याने त्याने आपला ओळखायचा.”

इथे एक शास्त्रीय अडचण आली. आपला चष्मा ओळखायला डोळ्यांवर चष्मा लागतो.

“माझा काळा आहे,” पोस्टमास्तर आजोबा म्हणाले.

“आजोबा, काळे एकोणतीस आहेत.”

“मग त्यातला चांगला!”

“अहो, तो माझा!” “कशावरून?” “तुम्ही उचललात ना, म्हणून!” जन्मभर एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ म्हणणारी माणसं त्या टेबलाभोवती भाजीबाजार भरवून बसली. एका आजीने तर चष्मा समजून वर्तमानपत्राचा चिमटा डोळ्यांना लावला!

शेवटी विज्ञान धावून आलं. खिडकीजवळ भिंग धरलं, की बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर पडतं. भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं की नंबर निघतो. चाळीस सेंटीमीटर म्हणजे अधिक अडीच. उणे नंबरच्या चष्म्याचं चित्र पडतच नाही, पण तसा चष्मा तिथे एकच होता, माझा. तो मी टबातच राहू दिला. आधी प्रवासी, मग कप्तान!

मुलांनी पट्ट्या काढल्या. चिठ्ठ्या लिहिल्या. ज्यांना आपला नंबर आठवत होता त्यांना तो दिला. बाकीच्यांना वर्तमानपत्र दाखवून, लावून बघ, काढून बघ, असं जमवत नेलं. शिंपीआजोबांनी खिशातून सुई काढली आणि एका फटक्यात दोरा ओवला.

“हा माझा नाही!” ते ओरडले.

मी तक्रारवहीवर हात ठेवला.

“माझ्यातून चार वर्षांत सुई दिसली नव्हती. आता मागाल तर याद राखा!”

सव्वापाचला एक्केचाळीस नाकांवर एक्केचाळीस चष्मे होते. आपला स्वतःचा किती जणांना मिळाला ते मी विचारलं नाही. संशोधकाने कुठे थांबावं हेही कळायला हवं.

साडेपाचला दारात एक उंच, धूसर आकृती उभी राहिली. आवाजावरून हेडसर.

“काय बाई, चाललीय का धुलाई? मग माझा वाचायचा पण घ्या!” आणि त्यांनी आपला काळा, जाड फ्रेमचा चष्मा स्वतःच टबात टाकला.

तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली, “अगंबाई! जावईबापू?”

एक्केचाळीस जणांत हेडसरांच्या सासूबाई आहेत, हे मी मोजलं नव्हतं. त्या उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी सरांच्या चेहऱ्याचं कापड पारखावं तसं निरीक्षण केलं.

“केवढे हो सुरकुतलात! आणि हे केस कुठे गेले?”

“आई, चष्मा नुकताच धुतलाय तुमचा, म्हणून—”

“चष्मा उत्तम आहे. तोच तर घोटाळा आहे!”

आणि त्या तडक टेबलाकडे गेल्या. सेक्रेटरी माझ्या कानाशी आली. “बाई! आजी वहीत लिहितायत! अर्धं पान झालं!”

मी वही नाकाशी धरून वाचली. जवळचं मला चष्म्याशिवाय दिसतं. त्या क्षणी दिसलं नसतं तर बरं झालं असतं. ‘या मुलांनी मला दुसऱ्याचा चष्मा दिला. त्यातून जावई जसे आहेत तसे दिसतात. या वयात मला हे सोसत नाही. माझा जुना चष्मा परत मिळावा.’

नऊ मुलं भिंतीला पाठ लावून उभी होती. एकाने तर आत्ताच टाचा जुळवल्या होत्या.

“वही आणा,” हेडसर म्हणाले. टबात हात घालून त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, चढवला. मी वही उघडून समोर ठेवली. लपवाछपवी मला जमत नाही.

त्यांनी वही जवळ घेतली. लांब धरली. पुन्हा जवळ घेतली.

“हं,” ते म्हणाले. “हं.”

“वाचलंत ना?” सासूबाईंनी विचारलं.

“वाचलं की! एकेक शब्द.”

“मग? पटतंय का?”

हेडसरांनी एवढ्या लोकांकडे, म्हणजे त्या दिशेने, पाहिलं. “पटतंय म्हणजे काय! अगदी योग्य लिहिलंय. असे अभिप्राय मिळायला भाग्य लागतं!”

“चला, एकदाचं कबूल केलंत,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा राग निम्म्याने उतरला.

हेडसरांनी खाली सही ठोकली. ती वहीवर सुरू झाली आणि टेबलावर संपली. “क्लब चालू राहील, बाई. कवायत रद्द!” मुलांनी असा जल्लोष केला की छतावरची कबुतरं उडाली. चष्मा खिशात घालत, डोळे चोळत हेडसर सासूबाईंना घेऊन निघाले. “साबण जरा कमी वापरा,” एवढंच जाताना म्हणाले.

सगळे गेले. सेक्रेटरीने टब पुसायला घेतला आणि थबकली.

“बाई, हा एक राहिलाय.”

मी तो खिडकीशी धरला. कागदावर झाडाचं उलटं चित्र लख्ख पडलं. पट्टी लावली. अंतर चव्वेचाळीस सेंटीमीटर. नंबर अधिक सव्वादोन.

माझा उणे तीन.