नाथाजीच्या रेडिओतले चार सेल

हंबीरराव म्हणजे साधीसुधी असामी नव्हे, असं खुद्द हंबीररावच सांगे. बारा वर्षं लष्कराच्या गुप्तचर खात्यात काढली म्हणे! तिथं तो चपात्या लाटायचा. पण खाणारे गुप्तचर होते, तेव्हा अगदीच थाप नव्हती. कडेगावात परतल्यापासून त्यानं तीन गुन्हे उकलले. त्यातले दोन घडलेच नव्हते.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात नाथाजीच्या रेडिओतले चारी सेल गायब झाले, आणि हंबीरराव न बोलावता हजर झाला.

त्या घरात रेडिओ मुका होणं म्हणजे आफतच. उसाच्या पाण्यावरून नाथाजी आणि धाकटा लालासाहेब दीड वर्ष एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. जेवायला बसत एकाच पंगतीला, पण मधे रेडिओ बोलायचा म्हणून निभायचं. येत्या सोमवारी तलाठ्याकडं जाऊन वाटणी करायचं ठरलेलं. म्हाताऱ्या आईच्या, मनुबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

हंबीररावानं रेडिओत नाक घातलं. सात शिंका आल्या.

“मिरची!” तो गरजला. “चोरानं कुत्र्याला चकवाय टाकली.”

“आमच्यात कुत्रं न्हाई,” नाथाजीची बायको शालूबाई म्हणाली.

“चोराला त्ये ठावं न्हवतं. म्हंजे परगावचा!”

घटकाभरात चोर परगावचा होता तो परमुलखातला झाला, आणि तिथून उलटा फिरून घरातच आला.

“मनुबाई, सकाळी कुठं हुता?”

“माळवदावर. मिरच्या वाळत घालत हुते.”

‘साक्ष निरुपयोगी’, हंबीररावानं वहीत लिहिलं. मग दुपारची पंगत बसली, तसं त्यानं बोट रोखलं ते थेट लालासाहेबावर. “ह्यो चोर! वाटणीत रेडिओ थोरल्याला जाणार, म्हनून सेल काढलं!”

लालासाहेबाचं तोंड लालबुंद झालं. पण त्याच्या आधी नाथाजीच ताटावरून उठला.

“हंबीरराव, तोंड सांभाळा! माझा भाऊ हाय त्यो. पान्यापायी डोकं फोडंल, पर चोरी न्हाई करायचा. साळंत सापडलेला पेन्सिलीचा तुकडासुदीक मास्तरास्नी नेऊन दिला हुता त्यानं!”

लालासाहेब खाली मान घालून पुटपुटला, “दादा, ध्येनात हाय व्हय तुमच्या?”

“न ऱ्हायला काय झालं? माझीच पेन्सिल हुती ती, गाढवा!”

 मग लालासाहेब फिस्सकन हसला आणि नाथाजीला तर ठसकाच लागला. धाकट्यानं धावत जाऊन थोरल्याला पाण्याचा तांब्या दिला. ‘दोघांचं संगनमत’, हंबीररावानं नोंद केली.

शालूबाई मिरच्या गोळा करायला माळवदावर गेली, तर मिरच्यांखाली चार सेल ओळीनं पडलेले. उतरलेल्या सेलांना ऊन दाखवलं की आणखी चार दिवस चालतात, हे कडेगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“आत्याबाई, आवं सेल हितं हायती!”

मनुबाई धापा टाकत वर आली. “मीच ठिवलं हुतं गं सकाळी. पार इसरून गेले.”

“खाली सांगू?”

मनुबाईनं कान दिला. खाली दोघं भाऊ मास्तरांची नक्कल करत होते. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

“नगं. उद्याबी उन्हात घाल. सोमवार जाऊ दे. लय गार पडल्यात बघ.”

सोमवारी दोघं भाऊ उसाला पाणी पाजायला गेले. तलाठ्याची कुणाला आठवणही झाली नाही.

मंगळवारी रेडिओ बोलला. ‘घाबरून चोरानं माल परत केला. चौथा गुन्हा उकलला’, हंबीररावानं लिहिलं.

आणि जेवता जेवता नाथाजी ओरडला, “आरं, बंद करा त्ये बोंबलनारं! लाला काय सांगतोय त्ये ऐकू येईना.”