यंदा रिबिल्डिंग आहे, मास्तर

भास्करराव काळे यांच्या डोक्यावर मे महिन्यातही लोकरीची टोपी असते. लोणारचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. जांभळी टोपी, वर पिवळा गोंडा. कानामागून घामाच्या धारा सदऱ्यात उतरताहेत आणि गृहस्थ पिशवी घेऊन दुधाला निघालेत. मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो, काढा ती. डोकं शिजेल." तर थांबून म्हणाले, "मास्तर, पोट्टे यंदाही हरले. अशा टायमाले टोपी काढली तं कसं दिसते?"

पोट्टे म्हणजे अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावची फुटबॉल टीम, आणि टोपी तिच्याच रंगांची. हा फुटबॉल आपला नव्हे. सोललेल्या नारळाएवढा लांबट चेंडू काखेत मारायचा आणि पळायचं. समोरची अकरा दांडगी माणसं तुम्हाला आडवं करतात. उठायचं, पुन्हा पळायचं. चार डावांत दहा यार्ड सरकलात तर ठीक, नाहीतर चेंडू दुसऱ्याचा. मला विचाराल तर एवढ्यासाठी अमेरिकेत जायची गरज नव्हती. बाजाराच्या दिवशी आमच्या स्टँडवर बसमध्ये चढून दाखवा.

आणि हे मी म्हणतो असं नाही. भास्कररावांनी अख्खा खेळ बस स्टँडवरच बसवलेला आहे. ते लोणारच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. फलाटावर गाडी लावणं, चालक-वाहकांना मार्गी लावणं आणि माइकवरून घोषणा करणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे क्वार्टरबॅक म्हणजे कोण, हे त्यांना कोणी समजावून द्यावं लागलं नाही. "अहो, क्वार्टरबॅक म्हणजे कंट्रोलर! कोण कोणीकडं जाऊन राह्यलं ते त्यालेच दिसते." लांब पास म्हणजे खिडकीतून सीटवर रुमाल टाकणं. आणि रुमाल पडल्यावर धावत आत जाऊन ती सीट धरणारा, तो वाइड रिसीव्हर.

एवढ्यावर थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला पोझिशन वाटून दिली. दूधवाला रनिंग बॅक, कारण गल्लीतल्या कुत्र्यांमधून तो एक थेंब न सांडता येतो. शकुंतलावहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, लेफ्ट टॅकल. "क्वार्टरबॅकले डाव्या अंगानं काय चालून येते ते दिसत नाही, मास्तर. ते अंगावर घ्याले एक भक्कम माणूस लागते." त्यावर वहिनी आतून म्हणाल्या, "भक्कम कोणाले म्हणून राह्यले?" आणि भास्करराव तीन दिवस भिंतीपलीकडून माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

मी लाँग स्नॅपर. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो, काळ्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो, गल्लीत मला थोडाफार मान आहे. काही वजनदार मिळेल अशी आपली अपेक्षा. तर लाँग स्नॅपर म्हणजे, किक मारायच्या वेळी खाली वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा गडी. बस, एवढंच काम! "वर्षभर त्याचं नाव कोणी घेत नाही," भास्करराव कौतुकाने सांगत होते. "चुकला का मंग साऱ्या देशात नाव." मी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याकडे चहाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण चहा वहिनींचा असतो.

आता हे खूळ आलं कुठून? तर नितीनमुळे. नितीन त्यांचा एकुलता एक. तो त्या बर्फाळ गावात नोकरीला आहे. दर सोमवारी सकाळी साडेसातला फोन करतो, तेव्हा तिकडे रविवारची संध्याकाळ असते. भास्करराव स्पीकर लावतात आणि आमची भिंत पातळ आहे, त्यामुळे मी काही कान देऊन ऐकतो असं कोणी म्हणू नये.

"जेवला का?"

"हो. तुम्ही?"

"चहा झाला. थंडी हाय का?"

"आहे."

"बरं. आईले देतो."

झाला बापलेकांचा संवाद. कित्येक वर्षं हे असंच. त्याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण ते घडलं तेव्हा मी स्टँडवर उभा होतो. नितीन तेव्हा रोज सकाळच्या गाडीने मेहकरला कॉलेजात जायचा. घाईत डबा विसरायचा, मग भास्करराव ड्यूटीवर येताना घेऊन यायचे. त्या दिवशी गाडी सुटायच्या बेतात होती आणि पोरगा कुठे दिसेना. यांनी काय करावं? माइक हातात होताच. "नितीन भास्कर काळे, जिथे असाल तिथून नियंत्रण कक्षाजवळ यावे. आपला डबा राहिला आहे. भाजी मेथीची आहे." स्टँड हसला. कॉलेजच्या मुली खिडक्यांतून वाकून हसल्या. नितीन लाल तोंडाने आला, डबा घेतला आणि माझ्यासमोर बापाला म्हणाला, "माझं नाव पुन्हा माइकवर घ्याल तं याद राखा. गावठीपणाची हद्द झाली." भास्करराव हसले, "बरं बे," म्हणाले आणि पुढच्या गाडीची घोषणा केली. त्यानंतर त्यांनी नितीनला मोठ्याने नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. घरातसुद्धा नाही. "ऐक रे," म्हणतात. फोनवर तेही नाही.

मग एका सोमवारी, 'थंडी हाय का'च्या पुढे काही सुचेना म्हणून असेल, नितीन म्हणाला, "आज आमच्या गावची टीम हरली."

"कोणती टीम?" भास्करराव म्हणाले.

त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. वहिनी कणकेचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. फोन ठेवल्यावर भास्करराव सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या मोबाइलवर हा खेळ कसा पाह्याचा ते दाखवा बरं."

तिथून पुढे सोमवारी सकाळी वहिनींना स्वयंपाकाला भांडं मिळेनासं झालं. ओटा रिकामा आणि सगळा संसार जमिनीवर. पाच वाट्यांची रांग म्हणजे क्वार्टरबॅकला राखणारी ऑफेन्सिव्ह लाइन. मागे तांब्या, तो क्वार्टरबॅक. समोर अकरा पेले विरोधी टीमचे. पहाटे उठून रात्रीचा सामना पाहायचा, चुका वाट्या-पेल्यांवर सोडवायच्या आणि साडेसातला फोनवर बसायचं. "अरे, तिसऱ्या डावात त्यानं पळाले काऊन दिलं? पास द्या लागत होता!" नितीनही तिकडून तावातावाने उत्तर द्यायचा. अर्धा तास, पाऊण तास.

एकच अडचण होती. टीम हरायची. या वर्षी हरली, पुढच्या वर्षी हरली. जुने खेळाडू काढले, नवीन घेतले, कोच बदलला, तरी हरली. नितीनने सांगितलं की याला रिबिल्डिंग म्हणतात, आणि भास्कररावांना तो शब्द जो आवडला, तो आवडलाच. नळ योजनेसाठी गल्ली खोदून तशीच टाकली, तर "यंदा रिबिल्डिंग आहे, मास्तर." वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, "रिबिल्डिंग चालू हाय." माझ्या वर्गाचा चित्रकलेचा निकाल बरा लागला नाही, तेव्हा खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

या खुळाचा मला एकदाच खरा ताप झाला. माझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीची व्यवस्था मी यांच्याकडे दिली. माझीच अक्कल! बुंदी पहिल्या रांगेतच संपते हा सगळ्या पंगतींचा रोग. त्यावर यांनी अमेरिकन तोडगा काढला. झाकलेली एक बादली मोठ्या दिमाखाने डावीकडे धाडायची, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडे. खरी बुंदी गुपचूप उजवीकडून सुटायची. डावीकडच्या बादलीत होती कढी. आणि डाव्या रांगेत कोण बसलंय हे यांनी पाहिलंच नव्हतं. तिथे साखरखेर्ड्याहून आलेला वरपक्ष होता. नवरदेवाच्या मामांपुढे तीनदा झाकण उघडलं, तिन्हीदा कढी. चौथ्यांदा मामा पत्रावळीवरून उठले. "आमी काय कढी प्याले आलो काय इथं?" मी हात जोडले, भावाने पागोटं काढलं, शेवटी बुंदीची अख्खी परात त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते बसले. भास्करराव मंडपाच्या खांबाशी विचारमग्न उभे होते. मला म्हणाले, "प्ले बराबर होता, मास्तर. लाइन चुकली."

तर सांगायची गोष्ट या वर्षीची. हा खेळ सप्टेंबरात सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हरणाऱ्यांसाठी संपतो. जिंकणारे पुढच्या फेरीत जातात. भास्करराव डिसेंबरात एकदा अंगणातल्या भिंतीवर कोपर टेकून मला म्हणाले, "सीझन चालू हाय तोवर फोन पाऊण तास. संपला का दीड मिनिट, ते थेट सप्टेंबरपर्यंत. पोट्टे पुढं गेले तं अजून दोन-तीन सोमवार भेटतात. म्हणून जीव टांगला राह्यते." हे त्यांनी हसत सांगितलं नाही. मी आपला कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिलो.

आणि काय नवल, यंदा पोट्टे जिंकायला लागले! शेवटचा सामना जिंकला की पुढची फेरी. तो सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी सातला थेट दिसणार होता. मी शाळेत पोट दुखतं असं कळवलं. वहिनींनी देवापुढे दिवा लावला आणि तांब्या स्वतःहून आणून दिला. मोबाइल तांब्याला टेकवून आम्ही तिघं बसलो. टोपीचा गोंडा थरथरत होता.

शेवटच्या क्षणी पोट्टे दोन गुणांनी मागे होते. एक किक खांबांमधून गेली की जिंकले. किक मारणारा सज्ज झाला. लाँग स्नॅपर वाकला. त्याने चेंडू मागे फेकला आणि तो धरणाऱ्याच्या डोक्यावरून पार निघून गेला.

भास्कररावांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. "मास्तर," एवढंच म्हणाले. मला खरंच वाटलं की मीच फेकला.

थोड्या वेळाने नितीनचा फोन आला. तिकडे झोपायची वेळ झाली होती. हळहळ झाली, चुका मोजून झाल्या. शेवटी तो म्हणाला, "चला बाबा. आता सप्टेंबरमध्ये पाहू." फोन ठेवून भास्कररावांनी वाट्या-पेले स्वतः विसळले, जागेवर लावले आणि टोपी काढून खुंटीला अडकवली. ऐन जानेवारीत, जेव्हा तिचा काही उपयोग होता! मे महिन्यात ती डोक्यावर पाहून मी हसलो होतो. आता खुंटीवर पाहवेना.

पुढच्या सोमवारी फोन दीड मिनिट चालला. थंडी होती. आईला दिला.

मला संताप आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी नितीनलाच फोन लावला. चार वाक्यं ऐकून घेतली असतील नसतील, तर तो म्हणाला, "काका, खरं सांगू? मी तो खेळ पाहतच नाही. मले तो समजतही नाही धड. रविवारी फोनच्या आधी बसून सगळ्या बातम्या वाचून काढतो. बाबा एवढे खुलतात ना! सीझन संपला का मले सुचतच नाही, काय बोलावं."

"अरे गाढवा," मी म्हणालो. शाळेतल्या आवाजात म्हणालो. "तुले तो डबा आठवते का?"

तो म्हणाला, "रोज आठवते."

"मंग हे मले काऊन सांगून राह्यला?" मी म्हणालो आणि फोन ठेवला. हे काळ्यांकडे कोणाला ठाऊक नाही आणि मी सांगणारही नाही.

सोमवारी साडेसातला भिंतीपलीकडे फोन वाजला. जेवण झालं, चहा झाला, थंडी झाली. "बरं, आईले देतो," भास्करराव म्हणाले.

"थांबा बाबा. तुम्ही स्टँडवर गाडी कशी पुकारत होते? एकदा म्हणून दाखवा ना."

"आता कायची गाडी बे? गळा नाही राह्यला."

"एकदाच. पूर्ण म्हणा. डब्यासकट." आणि वर, "माझं नाव घेऊन."

पलीकडे वहिनींचं लाटणं थांबलं. मी अंगणात जाऊन भिंतीवरून सरळ त्यांच्या दारात पाहू लागलो, आता लाज कशाला? भास्करराव खुर्चीतून उठले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. ओट्यावरचा एक पेला उचलून तोंडापुढे धरला आणि खाकरले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," सगळी गल्ली दारात आली, असा तो आवाज! "लोणारहून सुलतानपूरमार्गे मेहकरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. नितीन भास्कर काळे..." इथे त्यांनी टोपी सारखी केली. "नितीन भास्कर काळे, जिथे असाल तिथून नियंत्रण कक्षाजवळ यावे. आपला डबा राहिला आहे. भाजी मेथीची आहे."

स्टँडवर घोषणा दोनदा करायचा नियम असतो. भास्कररावांनी पेला पुन्हा तोंडापुढे धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते नावापर्यंत पोचले, तेवढ्यात फोन बोलला.

"आलो, बाबा."