जुन्या जाणकाराची गाडी

चष्मेवाल्यांचा पारा सकाळपासून चढलेला होता. गाडी विकायची होती आणि ती कुणी घेत नव्हतं. गाडी काही ऐरीगैरी नव्हे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, नुसता पाय ठेवला तरी पाठ सीटला चिकटेल असा जोर, आणि अख्ख्या देशात अशा गाड्या जेमतेम चाळीस. पण सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर आणि स्प्रिंगा दगडासारख्या. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी तिला या गाडीत पाय ठेवायलाही बंदी केली. सोमवारपासून तिला रोज व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. त्यासाठी उंच, मऊ गाडी हवी, आणि ती घ्यायची तर ही आधी खपायला हवी.

पहिलं गिऱ्हाईक एक कंत्राटदार होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"ॲव्हरेज विचारणाऱ्यांसाठी ही गाडीच नाही."

"मग डिझेल कशाला घ्यायचं?" असं म्हणून तो चालता झाला. चष्मेवाल्यांनी फाटक इतक्या जोरात लावलं की कडी निखळून हातात आली.

दुसरा एक तरणाबांड मुलगा होता. त्यानं गाडी मोठ्या रस्त्यावर पळवून आणली. उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काका, पळते भन्नाट. पण उभी असताना ट्रॅक्टरसारखी बोलते हो."

"मग उभी करू नकोस."

एकंदरीत, ज्यांना वेग हवा त्यांना डिझेल नको होतं, ज्यांना डिझेल हवं त्यांना वेग नको होता, आणि दोन्ही हवं असणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता, तो म्हणजे खुद्द चष्मेवाले. तरीही मुलगा साडेपाच लाखांपर्यंत आला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि सगळा घोळ झाला.

"पण काका, हे वाचलंय का तुम्ही? 'ही गाडी म्हणजे पांढरा हत्ती. आठव्या वर्षी टर्बो जातो, दहाव्या वर्षी गिअरबॉक्स जातो आणि त्यानंतर मालक.' जुना जाणकार म्हणून कुणीतरी लिहिलंय. मी चारच्या वर जाणार नाही."

"कोण हा जाणकार? तोंड पाहिलंय का कुणी त्याचं?" चष्मेवाले कडाडले. मुलगा चार लाखांचा विचार करा म्हणाला आणि घाईनं सटकला.

त्या जाणकाराचं तोंड चष्मेवाल्यांनी रोज दाढी करताना पाहिलं होतं. आठ वर्षांपूर्वी ही गाडी त्यांच्या मनात भरली होती आणि मूळ मालक सात लाखांच्या खाली यायला तयार नव्हता. तेव्हा एका रविवारी बसून त्यांनी तो लेख पाडला, गाड्यांच्या एका वेबसाइटवर टाकला आणि मूळ मालकाच्या नजरेस पडेल अशी तजवीजही केली. महिन्याभरात गाडी साडेतीन लाखांत घरी आली. लेख मात्र तिथेच राहिला, आणि चाळीसही गाड्यांचा भाव खात बसला.

त्यांनी लेख काढायचा प्रयत्न केला. पासवर्ड आठवेना. शेवटी वेबसाइटच्या संपादकाला फोन लावला.

"साहेब, तो आमचा सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख आहे," संपादक म्हणाला. "काढायचा तर स्वतः जाणकारांनी सांगायला हवं."

"मीच तो जाणकार."

"असं सांगणारे या वर्षातले तुम्ही सहावे गाडीमालक."

चष्मेवाल्यांनी फोन सोफ्यावर आपटला. तेवढ्यात फाटक वाजलं. दारात साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या, आणि मागे त्यांचे यजमान गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत होते. चष्मेवाल्यांनी यजमानांना लगेच ओळखलं. हाच तो मूळ मालक.

"जाहिरात पाहिली," बाई म्हणाल्या. "यांना गाडी परत हवीय. सहा लाख रोख द्यायला निघालेत. मी म्हटलं, आधी विचारू तर द्या. तो लेख मीच यांना वाचून दाखवला होता आणि गाडी विकायला लावली होती. आठ वर्षं हे जेवताना एकच म्हणतात, गाडी चांगली होती. आणि मी म्हणते, भंगार होती. आता तुम्हीच सांगा, काय काय बिघडलं?"

चष्मेवाल्यांची बायको पाठीचा पट्टा सावरत आतून येऊन उभी राहिली. सहा लाख हातभर अंतरावर होते. फक्त खरं बोलायचं होतं.

"काही बिघडलं नाही," चष्मेवाले म्हणाले. "एक वायपर बदलला."

"असं कसं? टर्बो गेला असेल. नीट आठवा."

"नाही गेला."

"गिअरबॉक्स?"

"लोण्यासारखा आहे."

बाईंचा चेहरा उतरला. यजमान मात्र बॉनेटपाशी ताठ उभे राहिले. "पण तो जाणकार एवढं छातीठोकपणे सांगतो," बाई इरेला पेटल्या. "खोटं कशाला लिहील? त्याला काय मिळणार? चला हो, नकोय ही गाडी."

"अहो बाई, तो लेख मीच लिहिलाय." रागाच्या भरात चष्मेवाले बोलून गेले. "गाडी स्वस्तात मिळावी म्हणून. त्यातलं अक्षरही खरं नाही."

 मग बाईंनी पर्स उघडली.

"असं होय? मग साडेतीन लाखांत नेलीत, साडेतीन लाखांतच परत द्या."

"आत्ताच एक मुलगा चार देत होता."

"द्या त्यांना," दारातून बायको म्हणाली. तिचा आवाज असा होता की चष्मेवाल्यांनी किल्ली काढून दिली.

यजमानांनी गाडी सुरू केली आणि काच खाली केली. "पैशाचं सोडा हो," ते हळूच म्हणाले. "आज आठ वर्षांनी घरात माझा शब्द खरा ठरला." शेजारी बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

चष्मेवाल्यांच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. मुलगा, संपादक, बाई, सगळ्यांना शिव्या घालायच्या म्हणून ते बायकोकडे वळले. ती पायरीवर भिंतीचा आधार घेऊन सावकाश बसत होती.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी माझी पाठ पहिल्यांदा धरली, तेव्हा तुम्ही मला एक लेख वाचून दाखवला होता. ऑपरेशनची गरज नसते, विश्रांतीनं बरं होतं, म्हणून. मी सहा महिने थांबले. तो कुणी लिहिला होता?"

"अगं, तो एका डॉक्टरांनी लिहिला होता," चष्मेवाले म्हणाले. "खरंच. मोठ्या डॉक्टरांनी."

ते अगदी खरं होतं. बायकोनं मान हलवली, त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "उठवा मला. सोमवारसाठी टॅक्सी मीच सांगते."