कवटीवालीचा वेग

"मास्तर, आधी सांगा, जोरात कोणती? कवटीवाली का आगवाली?"

दळणाचा डबा खांद्यावरून उतरायच्या आत बिरूअण्णाचा हा प्रश्न येऊन आदळायचा. मी दुबलगुंडीच्या मराठी शाळेत नवीन बदलून आलो, तेव्हा वाटलं, गावातल्या दोन बायकांच्या भांडणाबद्दल विचारतोय. परक्या गावात कुणाची बाजू घेऊ नये म्हणून म्हणालो, "दोघीही आपापल्या जागी बऱ्या." अण्णा असा खट्टू झाला, की त्या दिवशी माझ्या ज्वारीचं पीठ भरड आलं.

पुढं कळलं की या दोन कॅसेटी होत्या. एकीच्या कव्हरावर कवटी, दुसरीच्या कव्हरावर पेटलेलं गाव. बँडांची इंग्रजी नावं अण्णाला उच्चारता येत नव्हती आणि उच्चारायची गरजही वाटत नव्हती. बिदरच्या कॉलेजातला एक पोरगा शिक्षण सोडून गावी जाताना हुमनाबादच्या इस्माईलच्या दुकानात कॅसेटींची पिशवीच विकून गेला. जाताना "ह्याला थ्रॅश मेटल म्हणतात" एवढंच सांगून गेला. अण्णाचा समज झाला की थ्रेशरवर ज्वारी काढतात, तसं हे गिटारीवर काढतात. ऐकल्यावर तो समज पक्का झाला. मीही ऐकलं, आणि मला त्यात काही दुरुस्त करण्यासारखं आढळलं नाही.

माझं घर आणि अण्णाची पिठाची गिरणी यांची भिंत एकच. गिरणी चालू असताना गाणी ऐकू कशी येतात, असं लोक मला विचारत. प्रश्नच उलटा होता. टेप लागल्यावर गिरणी चालू आहे की बंद, हे पट्ट्याकडे बघून ठरवावं लागे. ज्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो, तिथल्या बुवांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, अलीकडं अभंग घाईत कामून उरकायलाव?" काय सांगणार? देव ऐकून घेतो, पण भिंतीला कान असतात आणि आमच्या भिंतीला तोंडही होतं.

अण्णाचं संगीतशास्त्र सगळं जात्याच्या दगडातून आलेलं. "दाणा दिसाया पाहिजे मास्तर," हे त्याचं पेटंट वाक्य. ड्रम कितीही जोरात वाजो, प्रत्येक ठोका निराळा कळला पाहिजे. कळला नाही की रेकॉर्डिंग करणाऱ्याचा उद्धार व्हायचा. "ह्या माणसानं ओली ज्वारी दळलीया. सगळा चिखल! परदेशात जाऊन बी माणसाला जात्याच्या दगडाला टाकी लावता येईना, म्हंजे काय म्हणावं?" गिऱ्हाइकं मान डोलवायची. शांताक्का नावाच्या म्हातारीला तर ठाम वाटायचं, की ही गाणी लावली की दळण लवकर होतं. ती पदर खोचून हुकूम सोडायची, "बिरू, ते बोंबलायचं लाव रे. मला भाकरी करायच्यात."

आणि बाजाराच्या दिवशी इस्माईल यायचा. स्कूटरच्या मागं कॅसेटींची पेटी, डोळ्यांत सुरमा, आणि ओठांवर आगवालीची बाजू. आगवाली त्याच्याकडं, कवटीवाली अण्णाकडं. त्या दोघांची गाठ पडली की मी घरातून खुर्चीच आणायचो.

"अण्णा, तेरी कवटीवाली मीडियम है. मीडियम!" इस्माईल सुरुवात करायचा.

"मीडियम तुझा स्कूटर. कवटीवाली ऐक, दम लागंल."

"और बेस कहाँ गया उसमें? मोठी गिटार चोरीला गेली क्या?"

"कोंडा हाय तो. चाळून टाकलाय. पीठ बघ कसं पांढरं हाय."

"अरे कोंड्यातच तर ताकद रहती अण्णा! डाक्टरकू पूछ."

"आन तुझ्या आगवालीचा ड्रम? तेलाचं डबडं बडवल्यावानी. घरचंच डबडं बडवीन की, कॅसेट कशाला घिऊ?"

असं ते सूर्य बुडेपर्यंत चालायचं. इस्माईलला एकच गोष्ट कळत नसे. कवटीवालीची एक कॉपी त्याच्या दुकानातही होती, आणि ती त्याला कधीच एवढ्या वेगानं पळताना वाटत नव्हती. "तुझ्या इथं गाणारा बी शाळकरी पोरावानी चिरकतो," तो म्हणायचा. "जवान हाय तो," अण्णा म्हणायचा. मग इस्माईल आगवाली पुढं करायचा, एकदा तुझ्याच टेपवर लावून बघू म्हणून. अण्णा दोन्ही हात आडवे धरून उभा राहायचा. "माझ्या टेपला भायरचं चालत न्हाई. पोट बिघडतंय तिचं."

मला तो हेकेखोरपणा वाटे. अण्णाला मी तसं तोंडावर सांगितलंही. त्यावर तो म्हणाला, "मास्तर, तुमचं दळण झालं. उचला."

मग कॅसेटींचा धंदा बसला. इस्माईलनं दुकान मोडलं आणि हैद्राबादला मोबाइलच्या दुकानात लागला. आता बाजाराच्या दिवशी अण्णा रस्त्याकडं बघत दळायचा. कुणाची स्कूटर वाजली की दार गाठायचा. टेप चालूच असे, पण "मीडियम" म्हणणारं कुणी नव्हतं. माझ्याशी वाद घालून बघितला त्यानं. मी दुसऱ्याच वाक्याला पटतं म्हणालो. तो इतका निराश झाला, की मला स्वतःचीच लाज वाटली.

बकरी ईदला इस्माईल आला तो थेट गिरणीवर. हातात नवा सीडी प्लेअर. "अण्णा, आज फैसला! ओरिजिनल कवटीवाली लाया. डायरेक्ट सीडी."

बातमी दळणाआधी गावभर गेली. गिरणीचा पट्टा उतरवला. एका बाजूला अण्णाची टेप, दुसऱ्या बाजूला सीडी. तेच गाणं, दोन्ही एकदम सुरू करायचं. पंच अर्थातच मी, कारण गावात तटस्थ आणि थोडा बहिरा माणूस दुसरा नव्हता. बटण दाबायला अण्णा तयार होईना. शेवटी शांताक्कानंच त्याला ढकललं. मी रुमाल खाली केला.

पहिले काही ठोके दोन्ही जोडीनं धावले. मग अण्णाची टेप सुटली! सीडीवरचा गायक पहिल्या कडव्यात होता, तेव्हा टेपवरचा दुसऱ्यात शिरला होता. लोक बैलांचा शंकरपट बघावा तसे ओरडायला लागले. "अण्णाची जोडी म्होरं! सोडू नगा अण्णा!" शांताक्कानं सुपावर ठेका धरला. टेपवर गाणं संपलं, तेव्हा सीडीवाला बिचारा अजून आपल्या जाड, बाप्या आवाजात ओरडत होता. मी अण्णाचा हात वर केला. टाळ्या पडल्या.

इस्माईल मात्र पोट धरून हसत होता. "अरे एकच गाणं, एकच माणूस! आगे कैसा जाएगा? अण्णा, तेरा डेक फास्ट है. इतके साल फास्ट डेकवर भांडलास माझ्याशी!" त्यानं खिशातून बारीक पेचकस काढला. "मागं मोटरला स्क्रू रहता. जरा घुमाया की बस. ला इधर."

अण्णा हसला नाही. त्यानं टेपच्या मागं आपला पिठानं भरलेला हात ठेवला.

"नक्को."

"अरे एक मिनटका काम है."

"नक्को म्हणलं ना इस्माईल."

तेवढ्यात अण्णाची बायको गंगाक्का आतून एक कॅसेट घेऊन आली. तिच्यावर कव्हरच नव्हतं. तिनं नवऱ्याला विचारलंही नाही, सरळ लावली.

ढोल वाजायला लागला. बिरोबाच्या जत्रेतला, आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. असा सणसणीत, असा चढता, की बसलेली माणसं ताठ झाली. मधूनच एक खडी आरोळी. अण्णाचे वडील, अप्पा. अख्ख्या हुमनाबाद तालुक्यात त्यांच्यासारखा ढोल कुणी वाजवला नाही, असं लोक अजून सांगतात.

"ये तो मैंने भरा था," इस्माईल हळूच म्हणाला. "अप्पाची आखरी जत्रा. माझ्या टेपवर."

"ही टेप नवी आणली तवा पहिली हीच लावली," गंगाक्का म्हणाली. "मामंजी ऐकून असे रागावले! म्हणले, मी असा म्हाताऱ्यावानी वाजवीत न्हाई. मशिनीत कायतरी ढिलं झालंय, आवळ. मग ह्येंनी स्क्रू फिरवत नेला. मामंजी म्हणले, हां, आता मी वाजवायलोय. तितं थांबले."

म्हणजे जगातल्या त्या सगळ्या आरडाओरड्याचा वेग एका धनगर म्हाताऱ्याच्या तोऱ्यानं ठरला होता. मला हसू फुटायला आलं होतं, पण अण्णाकडं बघून ते आवरलं.

"मला ठावं हाय, फास्ट हाय," अण्णा खाली बघत म्हणाला. "अप्पा गेल्यावर एकदा तुझ्या दुकानात लावून बघितली होती ही. तू नमाजाला गेला होतास. तुझ्या टेपवर अप्पाला दम लागलेला ऐकू येतोय रे. हात उचलना झालाय. माझ्या टेपवर न्हाई येत तसं. माझ्या टेपवर त्येंचा हात अजून चांगला हाय."

ढोल चालूच होता. इस्माईलनं तो शेवटपर्यंत ऐकला. मग पेचकस खिशात घातला, सीडी प्लेअर उचलला आणि कानाशी नेऊन हलवून बघितला.

"सीडीच स्लो है," तो म्हणाला. "हैद्राबादवाल्यानं फसवलं मला. तेरा डेक बराबर है अण्णा."

अण्णानं डोळे पुसले, त्यामुळं पीठ सगळ्या तोंडाला लागलं. मग त्यानं इस्माईलच्या हातातल्या सीडीकडं बघितलं.

"पर मोठी गिटार ह्यात बी ऐकू येत न्हाई," तो म्हणाला.

"हौ ना!" इस्माईल खाली बसत म्हणाला. "मैं क्या बोल रहा था इतके साल?"

मी खुर्ची आणायला घरात गेलो.